घरच्या माणसासह

६ जानेवारी

ताई,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटचा परिच्छेद वाचून मग फाड. माझ्या धंद्यात बरेच जण असंच करतात. पहिलं पान, शेवटचं पान, मधे कुठेतरी बोट घालून एखादा उतारा, की परीक्षण तयार. मी मेला अख्खं पुस्तक वाचत बसतो, म्हणून पुरवणीच्या संपादिकाबाई दर आठवड्याला माझ्या नावाने बोटं मोडतात.

बाबा गेले त्या दिवसापासून आपण बोललो नाही. त्यावर आज लिहीत नाही. लिहायला लागलो तर डोकं फिरेल आणि कामाचं राहून जाईल.

काम असं. तू बहिऱ्या मुलांना शिकवतेस. मी सध्या एक गोष्ट लिहितोय, तिच्यातला माणूस पन्नाशीत बहिरा होत चाललाय. एकदम नाही, हळूहळू. आधी काय ऐकू येईनासं होतं, नंतर काय, हे मला नीट लिहायचंय. आणि अशा माणसाने हातांची भाषा शिकायची ठरवली तर सुरुवात कुठून करावी? एखादं पुस्तक असेल तर नाव कळव.

आमचं बरं चाललंय. ‘आमचं’ म्हटल्यावर तुझ्या कपाळावर पडलेली आठी मला इथून दिसते. मी आणि मास्टर अजून त्याच घरात आहोत, खाली त्याचं शिवणाचं दुकान, वर आम्ही दोघं. जेवणाच्या टेबलावर डावीकडे वाचायची पुस्तकं, उजवीकडे वाचून झालेली, मधे दोन ताटांपुरती जागा. माझा नवा कथासंग्रह आला, तू पाहिला नसशील. एका परीक्षकाने त्याला ‘धाडसी’ म्हटलंय. त्यात दोन पुरुष एका घरात राहतात, भाजी निवडतात, एकमेकांना जीव लावतात आणि गॅस कोणी बंद करायचा यावरून भांडतात. यात धाडस कसलं ते मला अजून कळलेलं नाही. गॅस चालूच राहिला असता तर एक वेळ म्हटलं असतं.

शेवटचा परिच्छेद हा. पुस्तकाचं नाव तेवढं कळव.

धाकटा

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. येणार नाही असं धरूनच चाललो होतो, तरी रोज दाराशी जाऊन बघत होतो.

मी खोटं लिहिलं होतं. गोष्ट वगैरे काही नाही. बहिरा होतोय तो मास्टर. तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. लहानपणी मी थाप मारली की तू नुसती माझ्या कानांकडे बघायचीस, ते लाल व्हायचे म्हणून. पत्राला कान नसतात, तेवढ्यावर हिंमत केली.

मला हे कसं कळलं ते सांगतो, म्हणजे तुझा भाऊ किती गाढव आहे तेही कळेल. मास्टर पुस्तकं वाचत नाही. म्हणतो, दिवसभर टाके मोजून डोळे थकतात. म्हणून माझं काहीही छापायला जाण्याआधी मी त्याला वाचून दाखवतो. संध्याकाळी गिऱ्हाईक आटोपलं की खाली जातो, तो मशीनवर असतो, मी कापडाच्या ताग्यांवर बसतो. तो बरं-वाईट काही बोलत नाही. पण मजकूर जमला असेल तर त्याचा पाय थांबतो, मशीन थांबतं आणि तो खाली मान घालून ऐकत राहतो. मजकूर कंटाळवाणा झाला की मशीन सुरू. मला याच्याइतका खरा परीक्षक मिळालेला नाही. ज्या ओळींना मशीन चालू राहिलं त्या मी डोळे मिटून काढून टाकतो. आमच्या संसाराइतकीच जुनी ही रीत आहे.

गेल्या वर्षी मशीन थांबेनासं झालं. मी वाचतोय आणि त्याची टकटक चालूच. मला वाटलं, आपल्यातलं लिहिणं संपलं. एकेक परीक्षण चार-चार वेळा लिहून काढायला लागलो. चालू कादंबरीची निम्मी पानं फाडली. त्यात एक प्रकरण होतं, आईवरचं. त्यावर माझा फार जीव होता. तेही वाचून दाखवलं, मशीन थांबलं नाही, तेव्हा मी त्याच्यासमोर ते उभं फाडलं. त्याने मान वर केली.

“का रे? वाच ना, ऐकतोय मी. छान झालंय.”

“ऐकतोयस तर थांबत का नाहीस?” मी ओरडलो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा काही झाला, की मला सगळं कळलं. माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. किती महिने, देव जाणे. माझं मन मोडू नये म्हणून तो ‘छान झालंय’ म्हणत राहिला आणि मी आपलं चांगलं लिहिलेलं फाडत राहिलो.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, नस मरत चालली आहे. यंत्र बसवलंय. यंत्राने आवाज मोठा येतो, पण शब्द सुटे होत नाहीत. उरलंसुरलंही जाणार म्हणे, वर्ष-दोन वर्षांत.

तुला हे का सांगतो? कारण माझ्या ओळखीत याबद्दल काही कळणारी तू एकटीच आहेस. दुसरं काही कारण असेल तर ते मी आज लिहीत नाही.

धाकटा

९ मार्च

ताई,

तू पुस्तक कळवलं नाहीस, पण पुस्तकच चालून आलं. परीक्षणासाठी येणाऱ्या गठ्ठ्यात हातांच्या भाषेचं एक सचित्र पुस्तक निघालं. पुरवणीत कोणाला ते नको होतं, मी झडप घातली. परीक्षण गेल्या रविवारी छापून आलं. कात्रण सोबत पाठवतो. ‘हातांनी रचलेली मूक कविता’ हे शब्द मला स्वतःला आवडले आहेत.

चित्रं बघून मी रोज सकाळी शिकतो आणि मास्टरला शिकवतो. आतापर्यंत मला आभाळ, आठवण, क्षमा, एकटेपणा आणि फुलपाखरू एवढं येतं. काल त्याने विचारलं, “‘चहा झाला का’ कसं म्हणायचं?” मी पुस्तक चाळलं. तिथपर्यंत मी गेलोच नव्हतो.

दुकानाचं सांगायचं तर एका बाईंनी कोटाच्या बाह्या आखूड करायला सांगितल्या होत्या, त्याने कोटच आखूड केला. बाई रीतसर बोलल्या. मी जिन्यात होतो, मला वरपर्यंत ऐकू येत होतं. तो त्यांच्यासमोर नुसता हसत उभा होता. हल्ली तो सगळ्यांकडे बघून हसतो. समोरच्याचे ओठ हलले की याचं हसू सुरू. काहीही बोललं असलं तरी हसण्याने फारसं बिघडत नाही, असा त्याने हिशेब केला असावा. त्याचं ते हसू मला बघवत नाही.

तो मात्र मला म्हणतो, “तू कशाला तोंड पाडतोस? शिवायला कान लागत नाहीत.” मग खाकी कागद आणि खडू माझ्यापुढे ठेवतो. कापड बेतायचा तो कागद. हल्ली महत्त्वाचं काही असलं की मी त्यावर लिहून दाखवतो. काल मी लिहिलं, ‘घाबरलायस का?’ त्याने वाचलं, कागद उलटा केला आणि त्यावर कोणाच्या तरी पाठीचं माप आखायला घेतलं.

धाकटा

२३ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि आधी खुर्चीवर बसलो. मग वाचलं.

“परीक्षण वाचलं. ती भाषा मूक नाही आणि कविता तर नाहीच. माझ्या मुलांना पाणी मागायचं असतं, पोट दुखतंय म्हणून सांगायचं असतं, शेजारच्याने ढकललं अशी तक्रार करायची असते. जी भाषा येत नाही तिच्यावर वाईट लिहू नये, तसं गोडही लिहू नये. चित्रात समोरचा माणूस असतो, तू त्याच्याकडे आरशात बघावं तसं बघून सगळं उलट्या हाताने शिकला असशील.”

खाली सही नाही. सगळं उलट्याच हाताने शिकलोय, तपासून पाहिलं. माझी इतकी चोख झाडाझडती आजवर कोणा लेखकानेही घेतली नव्हती. मी कार्ड मास्टरला दाखवलं. तो पोट धरून हसला आणि हे हसणं खरं होतं. म्हणाला, “बरं झालं. रागवायला तरी लागल्या.”

आता मीही रागावून घेतो. बाबा गेले त्या दिवशी तू दारात आडवी उभी राहिलीस आणि मास्टरला म्हणालीस, “तुम्ही बाहेर थांबा. आत घरची माणसं आहेत.” तो जाऊन फाटकापाशी उन्हात उभा राहिला. बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांना पायजम्याची नाडी सोडता येत नव्हती, आठवतं? तेव्हा त्यांचे सगळे पायजमे उसवून त्यात इलॅस्टिक कोणी घातलं? तुला ते विकतचे वाटले होते. बाबा त्याला ‘आमचे मास्टर’ म्हणायचे. तू त्याला आत येऊ दिलं नाहीस, मी तुला नको ते बोललो आणि तू म्हणालीस, आता तुम्हा दोघांचं तोंड बघायचं नाही मला. ते तू पाळलंस.

हे मला लिहायचं नव्हतं. लिहून झालं, आता खोडत नाही.

आणि जे खरं लिहायचं होतं ते हे. मला भीती वाटते, ताई. तो बहिरा होईल याची नाही. आम्ही दोघं त्या टेबलाशी समोरासमोर बसू आणि तो माझ्याकडे बघूनही तसंच हसायला लागेल, याची. परवा सकाळी मी त्याला म्हणालो, “बाहेर गारवा आहे, स्वेटर घाल,” आणि तो माझ्याकडे बघून तसं हसला. परक्याकडे बघून हसतात तसं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि रडलो.

शिकव त्याला. तुझा माझ्यावर राग आहे तो माझ्यावर राहू दे. हात जोडून सांगतो, त्याला शिकव.

धाकटा

१४ एप्रिल

ताई,

तुझं दुसरं कार्ड आलं. शाळेत शनिवारी सकाळी मोठ्यांचा वर्ग असतो, वेगळी शिकवणी मिळणार नाही, वेळेवर यावं. इथवर ठीक. पुढे तू लिहिलंयस, “घरच्या माणसासह यावं लागतं. एकट्याला घेत नाही. घरचं माणूस शिकलं नाही तर याने शिकून उपयोग नसतो.”

हे तू सगळ्यांना लिहितेस, हे मला समजतं. तरी ती ओळ मी बऱ्याचदा वाचली. शब्दांचा कीस काढणं हा माझा धंदाच आहे. तुला काय म्हणायचंय, हे लिहिताना तुझा हात अडखळला का, की नेहमीचा मजकूर म्हणून लिहून टाकलंस? अक्षरावरून काही कळत नाही. तुझं अक्षर पहिल्यापासून छापल्यासारखं.

पण मास्टर यायला तयार नाही. खाकी कागदावर आमचं भांडण झालं. म्हणजे मी लिहीत होतो, तो बोलत होता.

“ताईंना अवघड होईल,” तो म्हणाला. “शाळेतली माणसं असतात. त्यांना विचारतील, हे कोण.”

मी लिहिलं, ‘तू कायम तिचीच बाजू घे.’

“बाजू कसली? त्यांचे वडील गेले होते त्या दिवशी. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीही जातं.”

मी लिहिलं, ‘माझेही वडील होते ते.’

ते वाचून त्याने खडू माझ्याकडून काढून घेतला. बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “त्या दिवशी त्या ‘बाहेर थांबा’ म्हणाल्या, ते मला ऐकू आलं म्हणून मी थांबलो तरी. आता म्हणाल्या तर मला कळायचंही नाही. मी आपला दारात हसत उभा राहीन.”

मी कागद बाजूला सारला आणि हे पत्र लिहायला घेतलं. तेव्हा तुलाच विचारतो. आम्ही आलो तर तू तसं म्हणणार आहेस का? म्हणणार असशील तर आत्ताच कळव, मी त्याला काहीतरी निमित्त सांगेन. थापा मारणं हेही माझ्या धंद्यात बसतं. काही कळवलं नाहीस तर आम्ही मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतो.

धाकटा

मे, पहिला रविवार

ताई,

काल वर्ग सुटल्यावर तू मागच्या दाराने गेलीस, म्हणून लिहितो. जी स्वतः तिथे होती तिला तिथे काय झालं ते कळवणं हा खुळेपणा आहे. पण माझ्या खुर्चीतून काय दिसलं ते तुला ठाऊक नाही.

तुझं काही उत्तर आलं नाही, हे मी मास्टरला ‘ताई या म्हणते’ असं करून सांगितलं. बसमध्ये तो म्हणाला, “त्यांनी ओळख दाखवली नाही तर आपणही दाखवायची नाही. नुसतं शिकायचं आणि यायचं.” दोनदा सदऱ्याची कॉलर सारखी केली. स्वतः शिवलेला सदरा तो एरवी कधी घालत नाही.

तुमच्या वर्गात लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या, आणि त्यांत आम्ही पिकली मंडळी गुडघे छातीशी घेऊन बसलेली. मला हसू येत होतं. मग तू आलीस. तुझे केस पांढरे झालेत, ताई. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं हसू तिथेच गेलं. तू सगळ्यांवरून सारखी नजर फिरवलीस, आमच्यावरूनही, आणि शिकवायला लागलीस. बाहेर थांबा म्हणाली नाहीस. मास्टरने इतका वेळ धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

पहिला पाठ ओळखीचा. एकेकाने उभं राहून आपल्याबरोबर कोण आलंय ते हातांनी सांगायचं. पुढच्या आजी उठल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान होते. तू त्यांना खूण दाखवलीस. दोन्ही हात एकमेकांत गुंफायचे, अंगठा आत घ्यायचा आणि छातीशी आणायचे. नवरा असो नाहीतर बायको, खूण हीच, तू म्हणालीस. आजी लाजल्या. मग कुलपांचं दुकान असलेले एक गृहस्थ उठले, ते मुलीबरोबर आले होते, त्यांना मुलीची खूण शिकवलीस. मग मास्टरची पाळी.

तो उभा राहिला. माझ्याकडे बोट केलं. पुढे त्याचे हात हवेतच राहिले. मी मान खाली घातली होती. आणि त्याने विचारलं. हल्ली स्वतःचा आवाज केवढा लागतो ते त्याला कळत नाही, भिंतीपर्यंत गेला तो आवाज.

“ताई, याला काय म्हणायचं?”

सगळा वर्ग आमच्याकडे बघायला लागला. ज्यांना ऐकू येत नव्हतं तेही. मी मनात तुझ्या वतीने उत्तरं लिहायला घेतली. मित्र. भाऊ. शेजारी. सोबत आलेला. खरं सांगतो, तू मित्र म्हणाली असतीस तरी मी घरी जाऊन तुझे उपकार मानले असते.

तू फळ्यापासून निघून त्याच्यासमोर आलीस. त्याच्या तोंडाकडे बघितलंस. आणि आजींना शिकवलेलीच खूण केलीस. सावकाश, मग पुन्हा एकदा. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. तू तिकडे पाहिलं नाहीस.

त्याने हात गुंफले, पण चुकले. कात्री धरून धरून त्याचा अंगठा बाहेरच राहतो. तू त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतलेस आणि अंगठा आत दाबलास, आजींचा दाबला होतास तसाच. “परत,” तू म्हणालीस. त्याने परत केलं. “परत.” तेव्हा बरोबर आलं. तू मान हलवलीस, आणि तो हसला नाही. यात काय मोठंसं, असं तुला वाटेल. वर्षभरात प्रथमच समोरचं माणूस बोललं आणि तो हसला नाही. त्याला समजलं होतं.

मग माझी पाळी. मी पोट भरतो ते शब्दांवर. आम्हा दोघांवर मी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. पण चार माणसांत उभं राहून, त्याच्याकडे हात करून, हा माझा कोण ते मी आजवर कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं, असं मी म्हणत आलो. काल विचारलंस. मी त्याच्याकडे हात केला आणि माझी बोटं एकमेकांत जाईनात. सुटायची, पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. आजी बघत होत्या, कुलूपवाले बघत होते. मी कसंबसं उरकून खाली बसणार होतो.

तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. बाबा गेल्यापासून माझ्याशी पहिल्यांदा बोललीस.

“घाई करू नकोस,” तू म्हणालीस. “त्याला नीट दिसू दे.”

धाकटा